लाखेवरचा अंगठा

माझ्या हातनं बसवलेल्या दस्त्याच्या स्क्रूवर मी लाख सोडायचो. दस्ता म्हणजे रायफलीचं लाकूड. खांद्याला टेकतं, गालाला लागतं आणि पुढं नळीखाली जातं ते सगळं. लोखंड आणि लाकूड खालून दोन स्क्रूंनी बांधलेलं असतं. ते स्क्रू मी स्वतः आवळायचो, वर गरम लाखेचा थेंब सोडायचो आणि अंगठ्याला थुंकी लावून दाबायचो. लाख थंड झाली की अंगठ्याच्या रेघा तिच्यात राहायच्या. त्या रेघा मोडल्या तर रायफल परत माझ्याकडं आणायची नाही, असा नियम होता. क्लबात सगळ्यांना ठाऊक होता.

नियम उगाच केला नव्हता. फार मागं एका कारखानदारानं अक्रोडाचा दस्ता माझ्याकडनं करून घेतला. घरी बसल्या बसल्या त्यानं स्क्रू एवढा आवळला की लाकूड उभं चिरलं. वर मलाच म्हणाला, "मिस्त्री, लाकूड कच्चं होतं." मी त्याला चहा पाजला आणि तो गेल्यावर बाजारात जाऊन लाख आणली.

मी तिसरीपर्यंत शाळेत गेलो. बाप शिकाऱ्यांच्या बंदुकांचे दस्ते करायचा. शिकार बंद झाली तशी त्याची भाकरी बंद झाली, आणि मी नेमबाजांच्या रायफलीकडं वळलो. त्या काळात नेमबाजी म्हणजे जाड जाकीट घालून पालथं पडायचं आणि तासभर एकाच कागदावर गोळ्या मारायच्या. त्याला लाकूड चाललं. नुसतं चाललं नाही, लोक हात फिरवून बघायचे. मला त्याची सवय लागली.

मग क्लबानं गावाबाहेरच्या जुन्या दगडाच्या खाणीत नव्या तऱ्हेचे सामने सुरू केले. लोखंडी प्लेटा टांगायच्या, काही जवळ, काही लांब. नेमबाजानं रायफल घेऊन पळत यायचं आणि कधी टायरच्या थप्पीवर, कधी शिडीच्या पायरीवर, कधी पत्र्याच्या पिंपावर ती टेकवून दीड मिनिटात दहा गोळ्या मारायच्या. प्लेट वाजली की गुण. नाही वाजली तर पुढं चला. ह्याला प्रॅक्टिकल म्हणतात.

पहिल्या वर्षी ज्याच्याकडं जे होतं ते घेऊन माणसं आली. एकानं घरातली उशी आणली होती. एकानं तांदळाची पिशवी. एक फोटोवाला कॅमेऱ्याची तिपाई घेऊन आलता. रायफली सगळ्यांच्या हलक्या, कारण पळायचं होतं. मला ते बघायला बरं वाटायचं. दुसऱ्या वर्षी त्यांच्या ध्यानात आलं की पळायचं असतं दहा पावलं, आणि टेकायचं असतं दीड मिनिट. वजन पळताना जड लागतं, पण टेकल्यावर तेच वजन रायफल जागेवर धरून ठेवतं. तिथनं सगळं बदललं. अ‍ॅल्युमिनियमचे सांगाडे आले. सांगाड्याच्या पुढच्या अंगाला पोलादाच्या पट्ट्या लावायच्या. नळ्या बोरिंगच्या पाइपासारख्या जाड झाल्या. वाळूच्या पिशव्या गेल्या आणि बारीक प्लास्टिकचे दाणे भरलेली एकच तऱ्हेची पिशवी सगळ्यांच्या हातात आली. कुणाची रायफल कुठली ते लांबून कळेना.

त्या सांगाड्याला ते चासी म्हणतात. मी म्हणायचो, चासी ट्रकला असते. हसायचे. माझा मुलगा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत मोठ्या मशिनवर काम करतो. आधी पंपाचे भाग कापायचा. आता त्याचा मालक ह्या चासी करून देतो, आणि त्या कापतो माझाच मुलगा. घरात आम्ही त्यावर बोलत नव्हतो. जेवताना तो ताटाकडं बघायचा, मी टीव्हीकडं.

चार वर्षांत क्लबात माझ्या लाकडाची एकच रायफल राहिली. ती हुपरीच्या बाईची.

तिच्या घरात चांदीचं काम. पैंजणाला घुंगरू जोडताना फुंकणीनं जाळ फुंकायचा आणि नेमक्या वेळी श्वास धरायचा, हे ती लहानपणापासून करत आलेली. त्यामुळं गोळी सुटताना श्वास कसा धरायचा हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. दोन पोरं सासूकडं ठेवून दर रविवारी एसटीनं यायची. डब्यात माझ्यासाठीही एक भाकरी जास्त असायची. मला मामा म्हणायची.

तिचा दस्ता शिसवाचा. गालाचं माप घ्यायला मी कुंभाराची ओली माती लाकडाच्या फळीवर ठेवतो आणि माणसाला डोळे मिटून गाल टेकवायला सांगतो. डोळे उघडले की रायफलीवरची दुर्बीण समोर आली पाहिजे, तोवर माती वरखाली करायची. मग माती वाळवून ठेवायची आणि तशीच कड लाकडात काढायची. तिच्या गालाची माती अजून माझ्या फळीवर आहे. पहिली दोन वर्षं तिनं त्या दस्त्यावर भल्याभल्यांना मागं टाकलं. मग बाकीच्यांच्या रायफली जड होत गेल्या आणि ती मागं पडायला लागली.

गेल्या उन्हाळ्यात ती माझ्या दुकानात आली. उभीच राहिली.

"मामा, रायफल पिशवीवर बसत न्हाय. नाक वर करती."

"तू खाली दाब की."

"दाबलं की हात थरथरतोय. त्यांची आपली आपण बसती."

"ती रायफल हाय व्हय? नांगर हाय तो."

"मग मला बी नांगर द्या."

"शिरोलीला जा. माझा पोरगा देईल."

तिनं मान हलवली. मग म्हणाली, "मला तुमच्याकडनंच पाहिजे. पुढं वजन घाला काय तरी. लाकूड तेच राहू दे."

मला राग आला होता, आणि बरंही वाटलं होतं. क्लबाचा कायदा असा की लोखंड रेंजवरच्या कोतात, म्हणजे बंदुकांच्या कुलूपबंद खोलीत राहतं, लाकूड तेवढं मी दुकानात आणू शकतो. मी दस्ता आणला. नळी ज्या खाचेत बसते त्या खाचेच्या तळाला दोन चर खोदले, त्यात शिशाच्या कांड्या ठोकल्या, वर सरस आणि भुसा भरून सारखं केलं. दुपारी हातात घेतलं आणि दिवस मावळायच्या आत रेंजवर जाऊन बसवून, स्क्रूवर लाख सोडून मोकळा झालो. मॅगझिनच्या, म्हणजे गोळ्यांच्या पेटीच्या, चार बोटं पुढं रायफल एका बोटावर तोलली. ती पिशवीवर ठेवली तशी बसली. हुपरीची बाई हसली. रेंजचं बघणारे सुभेदार, मिलिटरीतनं रिटायर झालेले, म्हणाले, "मिस्त्री, शेवटी तुम्ही बी नांगर केला म्हणा की."

"शिसवाचा केला," मी म्हणालो.

उन्हाळाभर ती वर होती. मी दर रविवारी खाणीवर जाऊन बसायचो. गुडघे दुखायचे, तरी जायचो.

पाऊस लागला आणि तिच्या गोळ्या उजवीकडं जायला लागल्या. थोड्याच. प्लेटेच्या कडेला घासून जायच्या, कधी वाजायची, कधी नाही. ती दुर्बिणीची चकती फिरवायची, गोळी मधे आणायची. पुढच्या रविवारी परत उजवीकडं. कोरडं ऊन पडलं की डावीकडं. तिला वाटायचं आपलाच हात चुकतोय, असं मला वाटायचं. मी तिला म्हणालोही, "बाई, घरचा घोर डोक्यात घेऊन येऊ नको."

त्या वर्षी क्लबाला चार जणांचा संघ दुसऱ्या राज्यातल्या मोठ्या सामन्याला पाठवायचा होता. गणपती उठल्यावर एक निवड, त्यानंतर आठ दिवसांनी दुसरी. दोन्हीचे गुण मिळवून वरचे चार. आदल्या वर्षी ती पाचवी आलती. सासूला सांगून आलती की ह्या वेळी न्हाय झालं तर रायफल सोडते. हे तिनं मला भाकरी देताना सांगितलं, आपण भाजी आणायला चाललोय असं सांगावं तसं.

पहिल्या निवडीच्या आधी एका रविवारी मुलगा सांगाडा पोचवायला खाणीवर आला. तिची रायफल टेबलावर होती. तो लांबनंच वाकून बघत होता. हात लावला नाही. घरी येताना गाडीवर म्हणाला,

"आबा, त्या बाईच्या नळीला लाकूड लागतंय बघा."

"कुणी सांगितलं?"

"दिसतंय की. उजव्या बाजूची फट बुजली हाय."

"तू अ‍ॅल्युमिनियम बघ. लाकूड मला बघू दे."

"बघा म्हणून सांगतोय. एकदा कागद घालून बघा."

"माझ्या बसवलेल्या दस्त्यात कागद घालून बघायला मला तू सांगणार?"

कावळा नाक्याच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा परत म्हणाला, "तुमचंच नाव हाय त्यावर, म्हणून म्हणतोय." मी तिथंच उतरलो आणि रिक्षानं घरी आलो.

कागदाचं असं आहे. नळी आणि लाकूड यांच्यामधे बारीक फट पाहिजे. गोळी सुटताना नळी थरथरते. तिला त्या वेळी काहीही लागता कामा नये. लागलं की गोळी दुसरीकडं जाते. म्हणून कॅलेंडरच्या कागदाची पट्टी नळीखाली घालायची आणि टोकापासून मागपर्यंत ओढत न्यायची. कुठं अडली नाही की दस्ता बरोबर. पन्नास वर्षं मी तोच कागद लोकांसमोर फिरवून रायफल हातात देत आलो. एकदा फिरला म्हणजे फिरला, असं मी धरून बसलो होतो.

पहिल्या निवडीच्या दिवशी रात्रभर पडून पाऊस सकाळी उघडला होता. खाणीत दगडाला ओल होती. हुपरीच्या बाईची पाळी शेवटनं दुसरी आली. पिंपावर तिच्या आठ वाजल्या. टायरवर सहा. शिडीवर तिनं पायरीवर पिशवी टाकली, रायफल ठेवली, ती अगदी दगडासारखी बसली. मी श्वास धरला. पहिली गोळी, आवाज नाही. दुसरी, नाही. दुर्बिणीतनं बघणाऱ्या सुभेदारांनी दोन्ही वेळा उजवा हात वर केला, म्हणजे उजवीकडनं गेली. तिनं तिसरीला डावीकडं धरून मारली, वाजली. दीड मिनिट संपलं तेव्हा चार वाजलेल्या. ती सातवी आली.

माझ्याकडं बघून ती म्हणाली, "चुकलं मामा." आणि डबा काढला.

ती भाकरी मला गेली नाही. तिचा हात हलला नव्हता. मी लाकडाचा माणूस आहे, पण हात हललेला कळतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी रेंजवर गेलो. सुभेदारांना म्हणालो, हुपरीच्या बाईची रायफल बाहेर काढा.

"आज सोमवार हाय मिस्त्री. रेंज बंद."

"काढा म्हणतोय ना."

त्यांनी काढली. टेबलावर ठेवली आणि स्वतः स्टूल घेऊन समोर बसले, कायदा म्हणून. मी खिशातनं कागदाची पट्टी काढली. नळीच्या टोकाखालनं घातली. चार बोटं मागं गेली आणि थांबली. परत काढली, डाव्या बाजूनं घातली. तिकडनं गेली. उजवीकडनं नाही. ओढली तर फाटली.

सुभेदार बघत होते. म्हणाले, "तिचा बी तिथंच अडकला."

"कुणाचा?"

"बाईचा. श्रावणात. मला म्हणाली, कागद द्या जरा. मी दिला. अडकला तशी मी म्हटलं, स्क्रू ढिले करून बघू, माझ्याकडं हत्यार हाय. तर म्हणाली, न्हाय, मामांची लाख हाय."

"मग मला सांगायचं."

"मी बी म्हटलं तिला. म्हणाली, म्हाताऱ्या माणसाला तोंडानं कसं सांगायचं, त्यांना येईल ध्यानात."

मी बसलो. बसल्यावर पाय किती दुखतायत ते कळलं. दीड महिना ती कागद कुठं अडतो हे माहीत असताना दर रविवारी येत होती, चकती फिरवत होती, मला भाकरी देत होती. आणि मी तिला घोर घेऊन येऊ नको म्हणून सांगत होतो.

स्क्रूवरची लाख तशीच होती. रेघा अगदी स्वच्छ. मी पेचकस घेतला आणि लाख फोडली. दोन्हीकडची. तुकडे टेबलावर पडले ते सुभेदारांनी हातानं पुसून खाली टाकले. दस्ता सुटा केला आणि आत बघितलं. शिसं भरलेल्या जागी उजवी भिंत आत आली होती. मी चर खोदले तेव्हा आतलं ताजं लाकूड उघडं पडलं होतं. त्याला तीन वेळा तेल पाजल्याशिवाय बुजवायचं नसतं. हे मी शिकाऊ पोरांना शिकवत आलोय. त्या दिवशी रागात आणि घाईत मी ते केलं नव्हतं. पाऊस प्यायलं लाकूड. त्याचा काय दोष.

"तासून देता येईल?" सुभेदारांनी विचारलं.

येत होतं. पण ओलं लाकूड आज तासलं तर चार दिवसांनी ते कुठं जाईल हे मला सांगता येत नव्हतं. निवड सहा दिवसांवर होती. हे तोंडानं म्हणायला मला बराच वेळ लागला.

संध्याकाळी मुलगा घरी आला. हातपाय धुऊन जेवायला बसला. मी टीव्ही बंद केला.

"हुपरीच्या बाईला चासी पाहिजे. रविवारच्या आत."

त्यानं घास तोंडात तसाच ठेवून माझ्याकडं बघितलं. "कागद अडला?"

"अडला."

वाटलं आता बोलेल, त्याचा हक्क होता. तो म्हणाला, "मालकाकडं एक तयार हाय. पण गालाची उंची, मागची लांबी, ते बसवायला बाईला आठ दिवस जातील. नवी रायफल हातात घेऊन लगेच न्हाय जमत कुणाला."

मी उठलो आणि दुकानातनं मातीचा साचा आणला. चार वर्षं वाळलेला, एका कडेला चिरलेला. ताटाशेजारी ठेवला. खांद्यापासून घोड्यापर्यंतच्या तिच्या लांबीची खूण केलेली काठीही ठेवली. त्यानं साचा हातात घेऊन उलटसुलट करून बघितला.

"ह्यावर बसवतो," म्हणाला. "जेवा आता."

बुधवारी त्यानं सुट्टी टाकली. रेंजवर त्यानं लोखंड सांगाड्यात बसवलं आणि गालाची पट्टी साच्याला लावून लावून वर घेतली. मी शेजारी उभा होतो. कुठं थांबायचं ते दोनदा मी सांगितलं, बाकी त्यानंच केलं. दुपारी हुपरीची बाई आली. मी तिला काही सांगायच्या आधी तिनं टेबलाखाली पडलेला लाखेचा एक तुकडा बघितला होता.

"तुम्ही फोडली?" तिनं विचारलं.

"मीच."

"मग चालतंय."

तिनं डोळे मिटून गाल टेकवला आणि उघडले. "बरोबर हाय की," म्हणाली. मुलानं आवळायचं हत्यार पुढं केलं. ठरलेल्या जोरावर आलं की टक करतं आणि थांबतं, त्याच्यापुढं कुणाला आवळताच येत नाही. त्यानं ते माझ्याकडं धरलं. मी बाईकडं बोट केलं. तिनं स्वतःचे दोन्ही स्क्रू स्वतः आवळले. दोनदा टक झालं. मुलगा मला म्हणाला, "लाख लावू काय वर?" टोमणा नव्हता, खरंच विचारत होता. मी नको म्हणालो. खिशातली कागदाची पट्टी मात्र नळीखालनं घातली. मागपर्यंत गेली. अडायला काही नव्हतंच.

रविवारी सकाळपासून भुरभुर होती. ती प्लास्टिकची टोपी घालून पळाली. मला ती रायफल तिच्या हातात आवडली नाही, आजही आवडत नाही. बाकीच्यांच्या सारखीच दिसत होती, आणि मला तीनदा चष्मा पुसून ती कुठं आहे ते शोधावं लागलं. शिडीवर तिच्या नऊ वाजल्या. शेवटची राहिली ती तिचीच चूक होती, घाई केली तिनं. दोन्ही दिवसांचे गुण मिळवून ती चौथी आली. सुभेदारांनी यादी वाचली. ती माझ्या पाया पडायला वाकली, तेव्हा मी तिला मुलाकडं ढकललं. तो लाजून मोटारसायकलला किक मारायला लागला.

ती त्या सामन्याला जाऊन आली. तिथं तिचा फार वरचा नंबर आला नाही, पण अजून दर रविवारी येते. डब्यात आता दोन भाकरी जास्त असतात.

शिसवाचा दस्ता माझ्या दुकानात खुंटीवर आहे. नवा दस्ता करून घ्यायला आता कोणी येत नाही. जुन्या पालथं पडून मारायच्या रायफलींची डागडुजी येते, ती करतो. दिवाळी झाली, हवा कोरडी पडली, तेव्हा एक दिवस मी तो दस्ता खाली काढला. तिच्या नळीच्या मापाची एक गोल सळई माझ्याकडं आहे, तपासायला ठेवलेली. ती खाचेत ठेवली आणि कागद घातला. टोकापासून मागपर्यंत सरळ गेला. परत घातला. परत गेला.

मुलगा दारात उभा होता, मला कळलं नव्हतं.

"फिरतोय?" त्यानं विचारलं.

"फिरतोय."

"पावसात बघू, आबा," तो म्हणाला आणि आत चहा सांगायला गेला.

मी सरस उकरला, शिसं काढलं, आणि चरांना आतनं तेलाचा पहिला हात दिला. तो वाळला की दुसरा द्यायचा. मग तिसरा.